मांतू घरीच असतो

बिराजदारांनी कपबशी खाली ठेवली, मिशीवरून रुमाल फिरवला आणि माझ्या भावाकडे बघत विचारलं, "म्हणजे आपण नक्की करता काय?"

महांतेश म्हणाला, "अप्पांच्या दुकानात बसतो."

"ते कळलं हो. पण बसता म्हणजे? लायसन अप्पांच्या नावावर, औषधं देणार अप्पा, गिऱ्हाईक अप्पांच्या ओळखीचं. आपण बी.फार्म. झालात, पुण्यात कंपनीत होतात म्हणे. मग परत का आलात?"

"नाही जमलं तिथं."

बिराजदारांची मुलगी मान खाली घालून बसली होती. तिची आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. शेवटी अप्पाच पुढं सरसावले. जतमध्ये जुलाबाची साथ आली होती, त्या वर्षाची गोष्ट त्यांनी काढली. तीन दिवस, तीन रात्री दुकानाची फळी लावली नव्हती, सांगलीहून सलाईनच्या बाटल्या दुधाच्या गाडीतून कशा आणल्या, कोण वाचलं, कोण गेलं, सगळं नावानिशी. अप्पा गोष्ट फार रंगवून सांगत. बिराजदारही हसले, हळहळले. गोष्ट संपली, पाणी पिऊन झालं. अप्पा पुन्हा सावरून बसले आणि म्हणाले, "आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जतमध्ये एकदा काय झालं—"

"अप्पा, पाहुण्यांना बस गाठायचीय," महांतेश मध्येच बोलला.

चारचौघांत बापाचं बोलणं असं तोडायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

मी पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. बिराजदार चपला घालताना म्हणाले, "बाई, राग मानू नका. मुलगा सज्जन दिसतोय. पण एकतीस वर्षांचा झाला तरी आईबापाच्या घरात, आईबापाच्या ताटात. आम्ही मुलगी द्यायची कुणाला? त्याला, का तुमच्या अप्पांना?"

हे तिसरं स्थळ. तिन्ही वेळा मी पुण्याहून रजा काढून आले होते, तिन्ही वेळा हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मी महांतेशपेक्षा सहा वर्षांनी मोठी. माझं लग्न विसाव्या वर्षी झालं, पुण्यात शाळेत नोकरी लागली, एक मुलगी झाली. वर्षातून दोनदा चार-चार दिवस माहेरी यायचे आणि प्रत्येक वेळी तेच चित्र दिसायचं. दुकानात अप्पा काउंटरला आणि हा मागच्या स्टुलावर. गिऱ्हाईक आलं की अप्पा औषध काढणार आणि हा उठून ते अप्पांच्या हातातून घेणार, उलटंसुलटं बघणार, मग पिशवीत घालणार. एवढंच काम. गावात कुणी विचारलं की लोक हसून म्हणायचे, "मांतू? मांतू घरीच असतो."

मी तरातरा मागच्या पडवीत गेले. अव्वा, आमची आई, चुलीपुढं भाकरी थापत होती. महांतेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "अजून किती जणांपुढं मान खाली घालायला लावणार आहेस आम्हाला?"

"मी बोलावलं नव्हतं कुणाला."

"ह्यांनी भोसरीत तुझ्यासाठी शब्द टाकलाय. औषधांचीच कंपनी आहे. साहेब म्हणाले, सोमवारी पाठवा. ऐकतोयस का? सोमवारी."

"अक्का, मला नाही जमायचं."

"का? काय अडलंय तुझं इथं? अव्वाच्या हातच्या भाकऱ्या? झाडावर बांडगूळ असतं बघ, तसा झालायस तू. स्वतःचं मूळ नाही की माती नाही. झाड वाळलं की काय करणार आहेस?"

अव्वाचा हात थांबला. मग ती पुन्हा थापू लागली. महांतेश माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"अप्पा दुकान बंद करणार असतील तर जातो," तो म्हणाला.

"काय?"

"दुकान बंद केलं तर मी जातो."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "म्हणजे स्वतः तर काही करायचं नाही, वर बापानं चाळीस वर्षं उभं केलेलं दुकानही बुडवायचं?"

"तुला वाटतं तसं नाही ते."

"मग कसं आहे? सांग."

त्यानं अव्वाकडं पाहिलं. अव्वानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, पण मान वर केली नाही.

"सांग की," मी म्हटलं. "वाचा गेली?"

तो काही बोलणार एवढ्यात माझ्या मागं आवाज आला. "जाऊ दे त्याला."

अप्पा दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"मी काय अडवून धरलंय होय त्याला?" अप्पा म्हणाले. "गिरिजा खरं तेच बोलतीय. जा रे. सोमवारी जा."

"अप्पा, आणि दुकान?" महांतेशनं हळूच विचारलं.

बापलेक एकमेकांकडं बघत राहिले. मग अप्पा म्हणाले, "दुकान उद्यापासून बंद. झालं तेवढं पुरे."

ते वळून आत गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. त्या क्षणी मला माझ्या भावाचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

सोमवारी पुण्यात पोचायचं म्हणून महांतेशनं चार दिवसांत दुकान आवरलं. जी औषधं परत जाण्यासारखी होती ती सांगलीच्या ठोक व्यापाऱ्याकडं पाठवली, उरलेली खोक्यात भरून घरी आणली आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली. कुलूप लावून किल्ली अव्वाच्या हातात दिली.

अव्वाचं हृदय नाजूक होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला एक गोळी लावून दिली होती. रोज सकाळी अर्धी, तीही आठवड्यातून पाचच दिवस, गुरुवारी आणि रविवारी नाही. महांतेशनं कॅलेंडरवर लाल पेनानं त्या दिवसांवर फुल्या मारल्या. गोळीची दोन पाकिटं काढून अव्वाच्या देवघराच्या फडताळात ठेवली.

"ही दोन महिने पुरतील," तो तिला सांगत होता. "सकाळी पूजा झाली की अर्धी. फुली असेल त्या दिवशी नाही. आणि स्वतःच्या हातानं घ्यायची. दुसऱ्या कुणी दिली तर घ्यायची नाही."

"बरं बाबा."

"कुणी म्हणजे कुणीही."

"कळलं की रे."

मी बॅग भरत होते. मला हसू आलं. "अरे, घरात चाळीस वर्षांचा औषधवाला बसलाय," मी म्हटलं. "तू तिला काय शिकवतोस?"

त्यानं कॅलेंडर खिळ्यावर नीट अडकवलं आणि बाहेर गेला.

पुण्यात तो आमच्याकडंच राहिला. खोली मिळेपर्यंत राहू दे, असं ह्यांनीच सांगितलं. पहिला आठवडाभर तो मुका असल्यासारखा वावरला. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी आला की आधी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. आमच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे, म्हणून तिथून जतला फोन. अव्वाशी दोन मिनिटं बोलून परत.

"रोज काय विचारतोस एवढं?" मी एकदा म्हटलं.

"गोळी घेतली का विचारतो."

"मग? घेते?"

"घेतली म्हणते. माझ्या हातानं घेतली म्हणते."

दुसऱ्या आठवड्यात त्याच्यात फरक पडायला लागला. भोसरीच्या साहेबांनी ह्यांना फोन करून सांगितलं की माणूस सोन्यासारखा आहे, मालाची तपासणी असं लक्ष घालून करणारा आम्ही पाहिला नाही. त्यानं दोन नवे शर्ट घेतले. रविवारी माझ्या मुलीला, ईश्वरीला, घेऊन पर्वतीवर गेला आणि दोघं उसाचा रस पिऊन, घसे बसवून घेऊन आले. एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि न्हाणीघरातून शीळ ऐकू आली. मला वाटलं, शेजारचा कुणी असेल. तो महांतेश होता. त्यानं पिंपळे गुरवला एक खोलीही बघून ठेवली. बिराजदारांना पुन्हा निरोप पाठवावा का, याचा मी आणि हे विचार करायला लागलो.

मी चार लोकांना सांगत सुटले होते. मी बाहेर काढला त्याला. कुणीतरी कान धरायला हवा होता. आईबापांच्यानं ते होत नाही.

तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. मी शाळेतून लवकर आले होते. दुपारी फोन वाजला. अव्वा होती. अव्वा आपणहून कधी फोन करत नसे.

"गिरिजा, काय करतीयस?"

"काही नाही गं. तू कशी आहेस?"

"हाय की." मग जरा थांबून म्हणाली, "जेवण जाईना झालंय बघ. वास आला तरी मळमळतंय. काल दोनदा उलटी झाली."

"पित्त झालं असेल. कोकम सरबत घे."

"घेतलं की. आणि एक गंमत सांगू का? सगळं पिवळं दिसाय लागलंय. मगाशी भात वाढून घेतला तर पिवळा. म्हटलं, हळद पडली की काय. शेजारच्या निंगव्वाला दाखवला तर ती म्हणती, पांढराच हाय की. तिची साडीबी मला पिवळी दिसती."

मी हसले. "डोळ्यांत मोतीबिंदू झाला असेल. डोळे दाखवून घे. अप्पा काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार. बिचारे दिवसभर माझ्या मागं-पुढं असतात." पुन्हा ती थांबली. "मांतूला सांगू नकोस हं. धावत येईल. आत्ताशी कुठं रुळलाय पोरगं."

"नाही सांगत."

आता खरं सांगायचं तर तिनं सांगू नको म्हटलं म्हणून मी गप्प बसले असं नाही. तिनं सांग म्हटलं असतं तरी मी सांगितलं नसतं. मला वाटलं, ही तिची तऱ्हा आहे. पोराशिवाय करमत नाही, म्हणून भूक नाही, म्हणून उलटी, म्हणून पिवळा भात. आई लोक असंच करतात आणि मुलं घरात सडतात. संध्याकाळी महांतेश बूथवरून आला आणि म्हणाला, "अव्वाचा आवाज खोल वाटला." मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "सर्दी असेल."

रविवारी सकाळी साडेसहाला शेजारच्या निंगव्वाच्या मुलाचा फोन आला. अव्वा पहाटे उठली, न्हाणीघराच्या दारात पडली, ती उठलीच नाही.

जीप करून निघालो. महांतेश पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. सातारा गेलं, कराड गेलं. मिरज सोडल्यावर त्यानं मागं न बघता विचारलं, "अक्का, अव्वा तुला फोनवर काही म्हणाली होती?"

"कधी?"

"या आठवड्यात. काही होतंय वगैरे."

ह्यांचा हात माझ्या हातावर होता. ईश्वरी मांडीवर झोपली होती. मी म्हटलं, "नाही. खास काही नाही."

आमच्यात दहन करत नाहीत. संध्याकाळी अव्वाला बसवून माती दिली. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं होतं आणि ते काही खोटं नव्हतं. अप्पा सगळ्या विधींना शांतपणे उभे राहिले. जंगमस्वामींनी सांगितलं तसं केलं, लोकांना हात जोडले. घरी आल्यावर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "गिरिजा, अव्वा कुठं दिसत नाही ती?" मला वाटलं, धक्का बसलाय. एवढ्या वर्षांचा संसार. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायका बसायला आल्या. निंगव्वा माझ्या शेजारी बसली होती. महांतेश पलीकडं खांबाला टेकून बसला होता. निंगव्वानं पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मरण आलं, पण नवऱ्याच्या हातची सेवा घेऊन गेली बघा. असं भाग्य कुणाला मिळतंय? अप्पांनी लई केलं तिचं. दुकान मिटलं तसं त्यांचं सगळं ध्यान तिच्यावरच. सकाळी गोळी, दुपारी गोळी, दिवे लागायच्या वक्ताला गोळी. तांब्या-भांडं घेऊन तिच्यापुढं उभे. 'घे गं, तुझी गोळी ऱ्हायली.'"

बायका च्-च् करत होत्या. महांतेशनं मान वर केली.

"मावशी, दिवसातून तीनदा?" त्यानं विचारलं.

"तर रे. कधी चारदाबी. मी एकदा म्हटलं तिला, आक्का, आत्ताच घेतलीस की माझ्यासमोर. तर हसली. म्हणाली, 'त्यांना आठवत नाही गं निंगव्वा. नको म्हटलं की तोंड एवढंसं करतात. गावाला औषध दिलं चाळीस वर्षं, आता मी एकटीच पेशंट उरलीय त्यांना. घेते. औषधच हाय, इख थोडंच हाय?'"

महांतेश उठला. तो घाईनं उठला नाही. आत गेला. देवघराच्या फडताळाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लोखंडी कपाटाचा. थोड्या वेळानं तो दारात आला आणि मला म्हणाला, "अक्का, जरा दुकानापर्यंत येतेस?"

दुकान घराच्याच पुढच्या अंगाला होतं. त्यानं फळी अर्धी वर केली. आत मोकळी कपाटं आणि औषधांचा तो जुना वास. त्यानं काउंटरवर तीन पाकिटं ठेवली. दोन रिकामी होती. तिसऱ्यातल्या पाच गोळ्या शिल्लक होत्या.

"मी गेल्यापासून ती जाईपर्यंत एकवीस दिवस," तो म्हणाला. "एकवीस दिवसांत तिला आठ गोळ्या पुरेशा होत्या. पंचवीस गेल्यात. कपाटाची किल्लीही त्यांनाच दिली असणार तिनं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"हृदयाची गोळी आहे ती. जास्त झाली की तीच हृदय थांबवते."

मग त्यानं सांगितलं. चार वर्षांपूर्वी तो दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून आला होता आणि दुकानात सहज बसला होता. उमदीकडची एक बाई आली. सहावा महिना होता तिला. अप्पांनी चिठ्ठी वाचली, तोंडानं बरोबर औषधाचं नाव घेतलं आणि हातानं दुसरीच बाटली काढून दिली. महांतेशच्या ते लक्षात आलं तोवर बाई एसटी स्टँडवर पोचली होती. हा पळत गेला, सुटलेली गाडी आडवा होऊन थांबवली आणि बाटली बदलून आणली. परत आला तर अप्पा काउंटरमागं खाली जमिनीवर बसले होते.

"रडत होते," महांतेश म्हणाला. "मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, 'मांतू, नाव वाचतो, पण हात कुठं जातो ते मला कळत नाही. वर्ष झालं. कुणाला सांगू नकोस. गिरिजाला तर नाहीच नाही. तिच्यापुढं मी होतो तसाच राहू दे.' मी म्हटलं, दुकान बंद करा. ते म्हणाले, 'दुकान बंद केलं तर मी घरात बसून काय करू?' मग मी पुण्याला कळवलं, येत नाही म्हणून."

मी काउंटरला धरून उभी होते. तो स्टूल, ते हातातून औषध घेणं, उलटंसुलटं बघणं, बिराजदारांपुढं मध्येच तोडलेलं बोलणं. ती साथीची गोष्ट अप्पा लगेच दुसऱ्यांदा सांगणार होते, हे मला आत्ता, उभ्या उभ्या कळलं.

"अव्वाला माहीत होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी पडवीत मी एवढं बोलले, तेव्हा तरी—"

"सांगणारच होतो. अप्पा मागं उभे होते."

आत घरात कुणीतरी अप्पांशी बोलत होतं. महांतेश पाकिटं एकावर एक ठेवत होता, पुन्हा काढत होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पण एकदम नसतं होत ते. आधी आठवडाभर लक्षणं दिसतात. भूक जाते, उलट्या होतात. काही जणांना सगळं पिवळं दिसायला लागतं. पुस्तकात असतं हे, पहिल्या वर्षाला शिकवतात. रोज फोन करत होतो मी. तिनं एकदा जरी म्हटलं असतं ना, पिवळं दिसतंय—"

हातातलं पाकीट त्यानं काउंटरवर टाकलं.

मी गप्प बसू शकले असते. अव्वा मातीत होती, फोनवरचं बोलणं फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. पण माझ्या तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं.

"मला म्हणाली होती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"भात पिवळा दिसतोय म्हणाली. निंगव्वाची साडीही. उलट्या होतायत म्हणाली. तुला सांगू नको म्हणाली, आणि मी... मला वाटलं, तुला परत बोलवायला करतीय."

"कधी?"

"बुधवारी. दुपारी."

त्याचे ओठ हलले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तो दिवस मोजत होता. चार दिवस. बुधवारी रात्रीच्या गाडीनं निघाला असता तर गुरुवारी सकाळी मिरजेला दवाखान्यात नेलं असतं. मी वाट बघत होते की तो मला मारेल, ओरडेल, निदान बांडगूळ म्हणेल. मी तयार होते.

आतून अप्पांची हाक आली. "मांतू, अरे मांतू! तिची गोळी दिली का रे?"

महांतेशनं तिन्ही पाकिटं उचलून खिशात घातली. "आलो अप्पा," तो म्हणाला. फळीखालून वाकून बाहेर पडताना माझ्याजवळ क्षणभर थांबला. "त्यांना कळता कामा नये. काय झालं ते. कधीच."

"आणि लोकांना?"

"लोकांचं मी बघतो."

याला आता अठरा वर्षं झाली. अप्पा त्यानंतर सात वर्षं जगले. शेवटी शेवटी त्यांना मी ओळखू येत नव्हते, फक्त मांतू ओळखू यायचा. तो त्यांना न्हाऊ घालायचा, भरवायचा, घराबाहेर पडले की शोधून आणायचा. दिवेलागणीला ते अव्वाची गोळी मागायचे, तेव्हा तो त्यांच्या तळहातावर एक लिमलेटची गोळी ठेवायचा आणि ते ती घेऊन घरभर हिंडायचे. लग्न त्यानं केलं नाही. पुण्याची ती खोली दुसऱ्या कुणी घेतली. तो बुधवार त्यानं पुन्हा कधी काढला नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि आमची भांडणं झाली नाहीत असं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो अव्वाचा अकरावा दिवस. पंगत उठली होती. मांडवात पाहुणे पान खात बसले होते. आमचे चनबसूकाका, अप्पांचे धाकटे चुलतभाऊ, जवळच्या खुर्चीवर रेलून महांतेशला म्हणाले, "काय रे, मग आता पुण्याला कधी?"

"जात नाही काका. सोडली नोकरी."

"सोडली? महिनाही नाही झाला की."

"नाही जमलं," महांतेश म्हणाला. "तिथं करमत नाही. घरची सवय झालीय."

काकांनी शेजारच्या माणसाकडं पाहिलं. शेजारच्यानं मिशीत हसून मान हलवली. कुणीतरी मागून म्हणालं, "वाटलंच होतं. आई गेली, आता बापाच्या जिवावर."

मी तिथंच उभी होते, हातात पानाचं तबक घेऊन. महांतेशनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी तबक पुढं केलं, काकांनी त्यातलं एक पान उचललं आणि मी पुढच्या खुर्चीकडं गेले.